तरुण श्रोता आणि दीर्घ श्रवण

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे नाव वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. संतसाहित्य, नाट्यसंगीत, सीमाभागातील मराठी, ग्रंथालय चळवळ हे विषय अशा प्रसंगाला शोभतात. विलायतेतील लांब केसांच्या गिटारवादकांचे इथे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर एका तक्रारीत दडलेले आहे. ती तक्रार बेळगावातील घराघरांत ऐकू येते आणि ग्रंथालयाच्या वाचनकक्षातही ऐकू येते : हल्लीची मुले एका जागी बसून काही वाचत नाहीत, काही ऐकत नाहीत, दोन मिनिटांत त्यांचे बोट पुढच्या गोष्टीकडे सरकते.

तक्रार अगदीच खोटी नाही. परंतु याच शहरातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत अशीही मुले आढळतात, की जी कानांना यंत्र लावून वीस-वीस मिनिटांची एकेक रचना सलग ऐकतात. ती ध्वनिमुद्रिका त्यांच्या आईवडिलांच्या जन्माच्या आसपासची असते, गायक परक्या देशाचे असतात, ताल अवघड असतो आणि त्यावर नाचता येत नाही. अशी मुले थोडी आहेत. पण ज्याला आपण अधीर म्हणतो त्या पिढीतच ती आहेत. तेव्हा प्रश्न असा उरतो, की दीर्घ ऐकण्याची शक्ती खरोखर नष्ट झाली आहे, की तिला बसायला जागा उरलेली नाही? या व्याख्यानाचा सारा रोख याच प्रश्नावर आहे.

प्रथम हे संगीत म्हणजे काय ते पाहू. 'प्रोग्रेसिव्ह' या शब्दाचा आपल्या परिचयाचा प्रतिशब्द 'पुरोगामी'. पण तो इथे दिशाभूल करील. या संगीताचा कोणत्याही राजकीय विचारसरणीशी आवश्यक असा संबंध नाही. रॉक संगीताने ठरावीक लांबीच्या प्रेमगीताची चौकट ओलांडून पुढे जावे, पाश्चात्त्य अभिजात संगीत, जाझ, लोकसंगीत यांतून जे घेता येईल ते घेऊन मोठा आकार साधावा, अशी त्यामागची आकांक्षा होती. १९६७ साली बीटल्सची 'सार्जंट पेपर' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या वेष्टनावर सर्व गीतांचे शब्द छापले होते. म्हणजे ऐकणाऱ्याने हाती कागद धरून ऐकावे, हे गृहीत धरले होते. त्याच वर्षी मूडी ब्ल्यूज या वृंदाने 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' या ध्वनिमुद्रिकेत एका दिवसाचे प्रहर वाद्यवृंदाच्या साथीने गुंफले. १९६९ मध्ये किंग क्रिम्झन या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका आली. तीत मेलोट्रॉन नावाचे वाद्य ठळकपणे वापरलेले होते. त्याची चावी दाबली, की आतील फितीवर मुद्रित केलेले व्हायोलिनचे किंवा वृंदगानाचे स्वर उमटतात. चार-पाच तरुणांच्या हाती जणू एक अख्खा वाद्यवृंद आला.

हे तरुण बहुतेक सुशिक्षित मध्यमवर्गातले होते. जेनेसिस हा वृंद चार्टरहाउस या नामवंत शाळेतील विद्यार्थ्यांनी जमविलेला. पिंक फ्लॉइडचे तिघे लंडनमध्ये वास्तुशास्त्र शिकताना एकत्र आले. येस या वृंदाचा पेटीवादक रिक वेकमन रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधील शिक्षण अर्धवट सोडून आलेला. त्यांचा श्रोताही पुष्कळ अंशी विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या सभागृहांत भेटणारा होता.

पण केवळ आकांक्षेने कला मोठी होत नाही. तिला सामावून घेणारे पात्र लागते. संगीताच्या बाबतीत हे पात्र म्हणजे ध्वनिमुद्रणाचे साधन, आणि त्याचा इतिहास आपल्यालाही जवळचा आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या काळच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत कसा मांडायचा, हा त्या काळच्या प्रत्येक गवयापुढचा पेच होता. काहींनी तो नाकारला, काहींनी त्याची कला केली. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ऐकताना काही तुटले आहे असे वाटत नाही. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी तर १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील सोनेरी तबकडीत बसून अवकाशात गेली. त्याच तबकडीवर चक बेरी यांचे एक रॉक अँड रोल गीतही आहे. भैरवी आणि रॉक यांना एकाच पंक्तीला बसविण्याचे काम असे आपल्याआधीच होऊन गेले आहे.

सांगायचा मुद्दा हा, की लहान आकार म्हणजे हलकी कला असे समीकरण मांडता येत नाही. परंतु ज्या कलेचा प्राण विस्तारात आहे, तिला तीन मिनिटे अपुरीच. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहतीसच्या थोडे वर फेरे घेणारी बारा इंची तबकडी आणली, आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. तिचा लाभ आपल्या संगीताला लौकरच झाला. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची दीर्घ तबकडी अमेरिकेत निघाली. पुढे इंदूरच्या अमीर खाँ साहेबांची, एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली तबकडी आली. ज्या गावांत त्यांची बैठक कधी झाली नाही, तिथल्या माणसांना तिच्यामुळे मारव्याची ती संथ, गंभीर बढत घरी बसून कळली.

विलायतेतील तरुणांनी नेमके हेच केले. दीर्घ तबकडीची बाजू हा त्यांनी रचनेचा आकारच मानला. कवीला जसे वृत्त, तशी त्यांना ती बाजू. १९७१ मध्ये पिंक फ्लॉइडने 'एकोज' ही सुमारे २३ मिनिटांची रचना एका संपूर्ण बाजूवर मांडली. १९७२ हे तर या संगीताचे सुगीचे वर्ष. येसची 'क्लोज टू द एज' ही जवळजवळ १९ मिनिटांची रचना, जेनेसिसची सुमारे २३ मिनिटांची 'सपर्स रेडी', आणि जेथ्रो टलची 'थिक ॲज अ ब्रिक' ही सगळी त्याच वर्षातली. शेवटची ही तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारी सुमारे ४४ मिनिटांची एकच रचना. वस्तुतः तिच्यात अशा भारदस्त ध्वनिमुद्रिकांची थट्टा केलेली आहे. तिचे वेष्टन म्हणजे एका काल्पनिक गावातील बारा पानांचे वर्तमानपत्र. गंमत अशी, की ही थट्टादेखील श्रोत्यांनी गंभीरपणे ऐकली आणि अमेरिकेतील विक्रीच्या यादीत तिला पहिले स्थान मिळाले.

या संगीताची लय ऐकून पाश्चात्त्य श्रोता बिचकत असे. त्याच्या कानाला चार मात्रांची सवय. पिंक फ्लॉइडचे 'मनी' हे गीत बहुतांश सात मात्रांत आहे. 'सपर्स रेडी'चा एक भाग नऊ मात्रांचा आहे. मराठी श्रोत्याला यात बिचकण्यासारखे काही नाही. समेलाच काल घेणारा सात मात्रांचा रूपक, दोन-तीन-दोन-तीन असा चालणारा झपताल हे आपल्या कानांचे जुने सोबती आहेत. तेव्हा एखाद्या घरातील नातू सात मात्रांचे रॉक ऐकत असेल, तर आजोबांनी कपाळाला आठ्या घालण्यापूर्वी मांडीवर मात्रा मोजून पाहाव्यात. ओळख पटण्याचा संभव आहे.

दुसरा एक दुवा याहून विलक्षण आहे. येसचा गायक जॉन अँडरसन याच्या हाती १९७३ साली परमहंस योगानंदांचे 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' हे १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक आले. त्यातील एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे अशा चार प्रकारच्या शास्त्रग्रंथांचा उल्लेख आहे. त्या तळटीपेवरून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चार रचना बांधल्या, प्रत्येक तबकडीची एक बाजू व्यापणारी. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' ही ती दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका १९७३ च्या अखेरीस निघाली. तळटीपा कोणी वाचत नाही असे मानणाऱ्या प्रकाशकांनी हे ध्यानात ठेवावे!

मात्र या ध्वनिमुद्रिकेपाशीच या संगीताचा दोषही उघडा पडला. चार बाजू भरायच्या म्हणून भरलेल्या आहेत, अशी टीका झाली. वेकमन स्वतः असमाधानी होता आणि १९७४ मध्ये तो वृंद सोडून गेला. ऐकणाऱ्याच्या सोशिकतेला गृहीत धरून कलावंत ऐसपैस पसरला, की त्याच्या विस्ताराचा फापटपसारा होतो. आपल्या ख्यालातही बढत आणि पुनरुक्ती यांमधील रेषा फार बारीक असते, हे जाणत्यांना सांगावयास नको. १९७६-७७ च्या सुमारास विलायतेत पंक नावाची लाट आली. तिने दोन-तीन मिनिटांची, ओबडधोबड, रोखठोक गीते पुढे केली आणि या दरबारी थाटाच्या रॉकची टर उडविली. त्या टीकेत तथ्य होते. तरीही पिंक फ्लॉइडची १९७३ सालची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही ध्वनिमुद्रिका १९८८ पर्यंत अमेरिकेच्या पहिल्या दोनशेंच्या यादीत एकूण ७४१ आठवडे राहिली. टीकाकारांनी निकाल दिला. श्रोत्यांनी तो मानलाच असे नाही.

यानंतर पात्रच बदलत गेले. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ सालीच आली होती. १९७९ मध्ये सोनीने वॉकमन काढला आणि ऐकणे घरातल्या दिवाणखान्यातून निघून एकेकट्याच्या कानात गेले. भारतात १९८० नंतरच्या दशकात कॅसेट खेडोपाडी पोचली. अभंग, भावगीते, लोकगीते, सारे स्वस्त झाले. ही क्रांतीच होती. तिचे ऋण विसरता कामा नये. १९८२ मध्ये काँपॅक्ट डिस्क आली. तिच्यावर तासाहून अधिक संगीत मावे; पण बटण दाबून पुढच्या गाण्यावर उडी मारण्याची सोयही तिनेच अंगवळणी पाडली. १९९९ नंतर संगणकाच्या जाळ्यावरून गाण्यांची देवघेव सुरू झाली. स्पॉटिफाय ही सेवा भारतात २०१९ मध्ये आली, आणि आज अशा सेवांमुळे कोट्यवधी गाणी खिशातील दूरध्वनीवर मिळतात.

इथे एक विरोधाभास नीट समजून घेतला पाहिजे. तबकडीची बाजू वीस-बावीस मिनिटांची. आजच्या पात्राला काठच नाही. चार तासांचा दरबारीही त्यात मावेल. मग ऐकणे दीर्घ होण्याऐवजी तुटक का झाले? कारण हिशेबाची रीत बदलली. या सेवेत एखादे गीत तीस सेकंद ऐकले, की ते एकदा 'ऐकले गेले' असे धरले जाते. दोन मिनिटांचे गीत असो वा तेवीस मिनिटांची रचना, मोजणीत दोहोंची किंमत एकच. साहजिकच पहिल्या अर्ध्या मिनिटात श्रोत्याला धरून ठेवणे, हे गीतकर्त्याचे पहिले काम झाले. ज्या संगीताचे पहिले तीन मिनिट नुसते वातावरण उभारण्यात जातात, त्याला या बाजारात जागा कुठली? विलंबित ख्यालाच्या आलापाचीही तीच गत. भर म्हणून एक गीत संपण्यापूर्वीच यंत्र पुढचे गीत सुचविते, आणि क्रमाने ऐकायच्या संग्रहातील गीते उलटसुलट फिरवून वाजविते. २०२१ मध्ये ॲडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी, संग्रहाच्या पानावर क्रम उलटसुलट करणारे कळीचे बटण दर्शनी जागेवरून हलविले. गाण्यांचा क्रम जपा, एवढी साधी गोष्टही आज मागून घ्यावी लागते.

तेव्हा मुलांची बोटे अधीर आहेत हे खरे. पण ती बोटे सरकावीत अशा रीतीने सारी रचना झाली आहे, हेही तितकेच खरे. गंमत म्हणजे या स्थितीचे निदान प्रोग्रेसिव्ह रॉकमधूनच झाले. इंग्लंडमधील पॉर्क्युपाइन ट्री या वृंदाची 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' ही २००७ ची ध्वनिमुद्रिका एका अशा मुलावर बेतली आहे, की जो पडद्यांपुढे बसून बधिर झाला आहे, ज्याला कशाचेच काही वाटत नाही. आणि ही बधिरता सांगण्यासाठी त्या वृंदाने निवडलेला आकार कोणता? तिच्या मध्यभागी सतरा मिनिटांहून लांब अशी एक रचना आहे. विचलित मनाचे दुखणे सांगायलाही एकाग्र श्रोता लागतो, असे जणू तिचे म्हणणे आहे.

आणि तो श्रोता भेटला. २००९ मध्ये स्वीडनचा ओपेथ हा वृंद मद्रासच्या आय.आय.टी.च्या महोत्सवात वाजवून गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री मुंबईच्या आय.आय.टी.त आला. दोन्ही निमंत्रणे विद्यार्थ्यांच्या महोत्सवांची होती. बंगळूरच्या अगम या वृंदाने तर कर्नाटक संगीतातील कृतींना प्रोग्रेसिव्ह रॉकची बैठक दिली. २०१९ मध्ये अमेरिकेतील टूल या वृंदाची ध्वनिमुद्रिका तिथल्या यादीत पहिल्या स्थानी पोचली. तिच्यातील सहा प्रमुख रचना प्रत्येकी दहा मिनिटांहून लांब आहेत. जुनी काळी तबकडीही परतली आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत या तबकड्यांचा खप काँपॅक्ट डिस्कच्या खपाहून अधिक झाला. १९८७ नंतर प्रथमच.

तरुणाला या संगीतात काय सापडते? एक कारण बुद्धीचे आहे. तालाचे गणित सोडविण्यात, एक धून पंधरा मिनिटांनी वेगळ्या रूपात परत येते तेव्हा ती ओळखण्यात एक आनंद आहे. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातील क्षुल्लक वाटलेला तपशील शेवटच्या प्रकरणात अर्थ घेऊन उभा राहतो, तेव्हा वाचकाला होतो त्याच जातीचा हा आनंद. दुसरे कारण रियाजाचे आहे. गिटार किंवा ढोल शिकणाऱ्या मुलाला हे संगीत गुरूसारखे पुढ्यात बसते. ते वाजवायला महिने लागतात. तिसरे कारण अधिक खोल आहे. ज्याचा सारा दिवस तुकड्यांत वाटला गेला आहे, त्याला काही काळ कोणीतरी हात धरून लांबवर न्यावे असे वाटते. प्रवासाचा आरंभ, मध्य आणि अंत ज्याला आहे, अशा गोष्टीची भूक माणसाला असतेच. ती वीस वर्षांच्या मुलालाही असते.

मात्र हा तरुण एकटा ऐकतो. उणीव आहे ती इथे. बैठकीत शेजारच्याची 'वाहवा' आपल्याला ऐकायला शिकविते. न कळलेली जागा त्या उद्गारामुळे कळते. विलायतेतल्या मुलांनीही १९७२ साली एकाच खोलीत चार-पाच जणांनी बसून, वेष्टन हातोहात फिरवीत ही संगीते ऐकली होती. कानांतील यंत्राने आवाज स्वच्छ केला, पण शेजारी काढून घेतला.

आता आपल्या घराकडे पाहू. लांब ऐकण्याची जागा मुलांनी मोडली काय? १९५२ साली आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री दीड तास सारे घर एका गवयाभोवती बसे. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला'ही सुरू झाली. पुढे नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे संगीताचे खरे अभिमानी. अभिरुची सुधारावी म्हणून त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी बटण फिरवून सिलोन लावले, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. हेतू शुद्ध असूनही बंदीने अभिरुची घडत नाही, हा धडा आपल्याच एका मराठी मंत्र्याच्या कारकिर्दीने दिला आहे. दूरध्वनी हिसकावून घेणाऱ्या पालकांनी तो जरूर आठवावा.

रात्ररात्र चालणाऱ्या मैफलींचेही असेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकावर बंधन आले. नियमाला सबळ कारणे होती. रुग्णांना आणि विद्यार्थ्यांना झोप हवी. पण त्यामुळे १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवातील पहाटेपर्यंतच्या बैठका थांबल्या. उत्तररात्रीचे राग उत्तररात्री ऐकण्याची सवय एका पिढीपुरती उरली. घरांतून बैठकीची खोली गेली, सतरंजी गेली, ग्रामोफोन भंगारात गेला. हे सारे वडीलधाऱ्यांच्या कारकिर्दीत झाले. मुले जन्मली ती या मोडलेल्या घरात.

या भूमीचा वारसा मात्र वेगळे सांगतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'मला उमजलेले बालगंधर्व' असे कार्यक्रम त्यांनी बांधले, ते एका सूत्राभोवती. सुटी गाणी एकामागून एक न गाता एका ऋतूची किंवा एका व्यक्तीची साद्यंत मांडणी त्यांनी केली. सूत्रबद्ध ध्वनिमुद्रिकेची जी कल्पना विलायतेत मिरविली गेली, तिची एक स्वतंत्र, आपल्या मातीतली वाट कुमारजींनी काढली होती. याच बेळगावात १९२५ साली ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा जन्म झाला. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबल्याबरोबर पाश्चात्त्य तालवाद्यांतही पारंगत झाले आणि गिटारवादक जॉन मॅकलॉग्लिन यांच्यासमवेत त्यांनी जगभर वादन केले. हे तेच मॅकलॉग्लिन, ज्यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राने १९७१ नंतर रॉक, जाझ आणि भारतीय लय यांची मोट बांधली. १९८८ साली निघालेल्या त्रिलोक यांच्या 'उस्फ्रेट' या ध्वनिमुद्रिकेत स्वतः शोभाताई गायल्या आहेत. आईची ठुमरी आणि मुलाचे नवे वादन एका तबकडीवर नांदले. आईने मुलाला 'हे काय वाजवितोस' म्हणून झिडकारले असते, तर ती तबकडी झाली नसती.

श्रोतेहो, ग्रंथालयाचा या साऱ्याशी संबंध आता स्पष्ट व्हावा. ग्रंथालय ही केवळ पुस्तके ठेवण्याची वास्तू नव्हे. एकाच गोष्टीकडे दीर्घकाळ लक्ष देणे हा जिथला रिवाज आहे, अशी शहरात उरलेली ही एक जागा आहे. इथे कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि तीनशे पानांच्या कादंबरीपुढे बसलेल्या माणसाला कोणी वेडा म्हणत नाही. सीमाभागात शंभर वर्षे मराठी टिकली ती केवळ अभिमानाच्या घोषणांनी टिकली नाही. रोज संध्याकाळी कोणी तरी दिवा लावून दार उघडले आणि कोणी तरी आत येऊन तासभर बसले, म्हणून टिकली. हाच रिवाज ऐकण्यालाही लावता येईल.

त्यासाठी फार खर्च नको. महिन्यातून एक संध्याकाळ, एक बरे ध्वनियंत्र, काही सतरंज्या आणि दाराशी दूरध्वनी ठेवण्यासाठी एक टोपली, एवढे पुरे. त्या संध्याकाळी एक दीर्घ रचना ज्येष्ठांनी निवडावी आणि एक तरुणांनी. अमीर खाँ साहेबांचा मारवा झाला, की 'क्लोज टू द एज' व्हावे. निवडणाऱ्याने पाच मिनिटे मराठीत सांगावे, काय ऐकायचे आणि का. मराठीत सांगणे महत्त्वाचे आहे. जो मुलगा आपल्या आवडीच्या संगीताविषयी आपल्या भाषेत बोलू शकत नाही, तो हळूहळू ती भाषा फक्त भाजी आणायला वापरू लागतो. नव्या अनुभवांना मराठीत जागा मिळाली नाही, तर मराठीत राहतील त्या केवळ आठवणी. शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयापुढचा खरा धोका तोच आहे.

तरुणांनाही एक सांगणे आहे. लांबी हा गुण नव्हे. चार बाजू भरणारे सारेच थोर नसते, आणि केसरबाईंची साडेतीन मिनिटे अवकाशात पोचली आहेत. ज्या कानांनी तेवीस मिनिटांच्या रचनेतील परतून येणारी धून ओळखली, ते कान विलंबित एकतालातील सम ओळखायला पुरेसे तयार आहेत. बैठकीत एकदा येऊन बसावे. दाद देणे जमले नाही तरी चालेल. नुसते उठून जाऊ नये.

आणि ज्येष्ठांना इतकेच, की मुलगा कानाला यंत्र लावून डोळे मिटून बसला असेल, तर त्याला हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ते काय आहे, हे रचना संपल्यावर विचारावे. जमल्यास ती रचना पुन्हा लावायला सांगून शेजारी बसावे.